शंभरच्या आत सुरक्षित

४ जून

ठकू,

पत्राच्या डोक्यावर 'अनेक आशीर्वाद' लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे. तुला भरावीशी वाटली तर भर.

पत्र कामाचं आहे. नऊ वर्षांनी कामाशिवाय लिहिण्याइतकी मी धीट नाही.

वकीलबाईंच्या कचेरीतून तुला एक पाकीट आलं असेल. आत चार पानं आणि कचेरीचा पत्ता घातलेलं परतीचं पाकीट. ती पानं इंग्रजीतून आपल्या भाषेत मी आणली आहेत. झालं असं, की महिन्यापूर्वी दाराची बेल वाजली आणि एक सडपातळ मुलगी तीन फायली छातीशी धरून उभी. मला वाटलं, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आली. ती वकील निघाली. कुलपांच्या कारखान्यात धुलाई खात्यात काम करून गेलेल्या आणि जायच्या वाटेवर असलेल्या तेवीस जणांचा दावा तिच्याकडे आहे. तुझ्या घराचा नंबर अकरावा. तेवीस घरांना सही कशावर करतोय ते कळायला हवं, म्हणून तिला शब्द हवे होते. म्हणाली, तुम्ही तिथे चौतीस वर्षं टायपिस्ट होतात ना. मी म्हटलं, भाषांतरकार आणि टायपिस्ट. आधीचा शब्द लोक नेहमी गाळतात.

शब्दांनी मात्र जीव खाल्ला. 'एक्स्पोजर'ला काय म्हणायचं यात दोन दिवस गेले. सरकारी कोशात 'अनावृत्ती' दिलं आहे. तेवढ्यात पॅकिंगवाली वकीलबाईंच्या कचेरीत आली होती, सही करायला. तुला आठवत असेल, पेट्यांना खिळे मारायची ती उंच बाई, पुढे धुलाईत बदली झालेली, आता डायलिसिसवर असते. तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "अनावृत्ती म्हणजे कपडे काढून का हो? आम्ही अंगभर घालून असायचो." शेवटी 'संपर्क' लिहिलं. तेही मला पटलेलं नाही. संपर्क म्हटलं की वाटतं, मुकादमांनी धुलाईच्या द्रावणाच्या त्या वाफेला फोन करून बोलावलं होतं.

तुझ्या नवऱ्याला मी जन्मभर मुकादमच म्हणत आले. आता बदलणं होणार नाही.

पानांत तीन प्रश्न आहेत. पती कुठल्या खात्यात, किती वर्षं. हे द्रावण घातक आहे असं त्यांना कधी कोणी सांगितलं होतं का. सांगितलं असेल तर कोणी आणि कसं. आणि शेवटी, आणखी काही सांगायचं आहे का. तुझ्या शब्दांत लिही. शुद्धलेखनाची चिंता करू नकोस, मी तपासणार नाही.

ताई


२१ जून

ठकू,

उत्तर नाही. ठीक आहे. मी टपालपेटीला दोष दिला आणि जिना चढले. पन्नास पायऱ्या आहेत, गुडघा प्रत्येकीची नोंद घेतो.

वकीलबाईंना विचारलं, अकरा नंबरचं पाकीट आलं का. म्हणाली, "पाहते." ती पोर एरवी सगळं तोंडपाठ सांगते. हेच तेवढं 'पाहते'.

आज तुला दोन शब्द समजावून सांगायचे आहेत, कारण पुढच्या कागदांत ते सारखे येतील. पहिला, सुप्तकाळ. धुलाईतली ती वाफ नाकातून आत जाते आणि वीस-पंचवीस वर्षं काही न बोलता बसून राहते. मग एक दिवस लघवीतून रक्त येतं आणि डॉक्टर विचारतात, सिगारेट ओढता का. मुकादमांना सहा वेळा विचारलं होतं, मला आठवतं. सहाही वेळा ते ओशाळून नाही म्हणाले, जणू ओढत नाही हाच गुन्हा. अशी पाच मूत्रपिंडं एकाच खोलीतली आहेत हे सार्वजनिक रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईच्या लक्षात आलं, तेही अडीच वर्षांपूर्वी. तोवर कारखान्याला कुलूप लागलेलं. त्यांनीच बनवलेलं असेल.

दुसरा शब्द, मुदत. नुकसान कशामुळे झालं हे कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा असतो. विषाला पंचवीस वर्षं झोपायची मुभा, माणसानं मात्र तीन वर्षांत डोळे चोळून कोर्टात हजर व्हायचं. डॉक्टरीणबाईच्या अहवालापासून मोजलं तर आपण मुदतीत आहोत. पण कंपनीचं म्हणणं असं, की कामगारांना सव्वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं, कारण तेव्हा धुलाई खात्यात एक बोर्ड लावला होता. त्यांनी फाइलमधून बोर्डाचा इंग्रजी मजकूर काढून दाखवला आहे. ह्या द्रावणाची वाफ हवेत दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत 'परमिसिबल' आहे, असा. म्हणजे धोक्याची कल्पना दिली होती, घड्याळ तेव्हाच सुरू झालं, आणि तेवीसही घरांनी आता घरी जावं.

बोर्डाचा खालचा अर्धा भाग आपल्या भाषेत होता. तो फाइलमध्ये नाही.

वकीलबाई म्हणते, खालच्या भागानं धोका लपवला असेल, आणि मुद्दाम लपवला असेल, तर घड्याळ तेव्हा सुरू झालंच नाही. चुकून लपला असेल तर मात्र ते आपल्याला पुरायचं नाही. 'मुद्दाम' या शब्दावर तिनं पेनानं दोनदा रेघ ओढली.

बोर्ड मीही पाहिला होता. तसा सगळ्यांनीच पाहिला होता.

ताई


३ जुलै

ठकू,

काल कारखान्यात गेले होते. कोर्टानं पाहणी करणारा एक अधिकारी नेमला आहे, त्याच्याबरोबर वकीलबाई, पॅकिंगवाली आणि कागद वाचायला मी.

धुलाईची खोली मला आठवत होती त्याहून लहान आहे. हौद रिकामा आहे, काठावर तेलाची काळी कड. पितळेचे भाग घातलेल्या टोपल्या ज्या साखळीनं त्या गरम द्रावणात सोडायचे, ती अजून लोंबते आहे. खिडक्या तीन, तिन्ही छताजवळ, आणि थंडीत त्या बंद असायच्या. तो गोडसर वास गेला आहे असं सगळे म्हणाले. मला आला.

हौदासमोरच्या भिंतीवर स्क्रूची चार भोकं आहेत आणि मध्ये भिंतीचा रंग उजळ राहिला आहे. टेबलाएवढा चौकोन.

पॅकिंगवाली त्या चौकोनासमोर जाऊन उभी राहिली. तिनं सांगितलं, नवा माणूस आला की मुकादम त्याला इथे आणून उभा करायचे आणि बोर्ड मोठ्यानं वाचून दाखवायचे. 'शंभरच्या आत सुरक्षित.' मग वाफ मोजायच्या मीटरकडे बोट. आज ऐंशी आहे, आज नव्वद आहे, चला कामाला. कोणाला चक्कर आली की म्हणायचे, सकाळी पोटात काही घालून येत जा.

वकीलबाईनं विचारलं, नक्की 'सुरक्षित' हाच शब्द होता का. पॅकिंगवाली म्हणाली, तोच, पाठ आहे माझा. वकीलबाई म्हणाली, "तुमचं पाठ असणं ते ऐकणार नाहीत, काकू. कागद हवा." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फार नीटपणे पाहिलं नाही.

बोर्डाचा मजकूर आमच्या कचेरीतून टाइप झाला होता.

वरचं वाक्य लिहून मी चहा करून आले. परत वाचलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला व्याकरण शिकवणाऱ्या सिस्टरला आम्ही छत्री म्हणायचो, कारण ती बारा महिने छत्री घेऊन यायची आणि उत्तर चुकलं की तिचं टोक बाकावर आपटायची. असं वाक्य तिला दाखवलं असतं, तर तिनं विचारलं असतं, कर्ता कुठे गेला?

ताई


६ जुलै

ठकू,

कर्ता मी.

बसून वाच. मी एका दमात लिहिणार आहे.

द्रावण पुरवणाऱ्यांनी एक पत्रक पाठवलं होतं, पाठपोट छापलेलं. मॅनेजरनं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, पुढची बाजू बोर्डासाठी भाषांतर करा. मी नेहमीसारखी वही काढली. माझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही तू पाहिली आहेस, तिला तू माझी सवत म्हणायचीस. कुठलाही नवा इंग्रजी शब्द आला की मी आधी वहीत लिहायची, समोर आपला शब्द, तारीख, मग टाइप. 'परमिसिबल'समोर मी लिहिलं, 'परवानगी असलेली'. शंभर भागांपर्यंत परवानगी असलेली मर्यादा. बरोबर शब्द होता. आजही बरोबर आहे.

मॅनेजरनं वाचलं आणि म्हणाला, "परवानगी कोणी दिली, असं विचारतील ही माणसं. 'सुरक्षित' घाला. सोपं आहे, सगळ्यांना कळतं."

मी घातलं. वहीत पहिला शब्द खोडला, वर 'सुरक्षित' लिहिलं, कंसात 'साहेबांच्या सांगण्यावरून', आणि तारीख. माझी पद्धतच तशी. कोणी पुढे म्हणू नये की बाईंना शब्द आला नाही.

छत्री सिस्टरच्या वर्गात पाणी प्यायला जायचं असेल तर इंग्रजीत 'कॅन आय' म्हणायचं नाही, 'मे आय' म्हणायचं. कोणी 'कॅन आय' म्हटलं की ती म्हणायची, तुला पिता येतं हे मला दिसतंय, पण परवानगी मी दिलेली नाही. परवानगी ही एक वस्तू आणि बाकी सगळ्या वेगळ्या वस्तू, हे मी सातव्या वर्षी तहानलेली राहून शिकले. आपल्या दोघींत कॉन्व्हेंटची जागा मला मिळाली आणि तू कोपऱ्यावरच्या शाळेत गेलीस. इतकं शिकून मी हे केलं.

माझ्या बाजूनं काही सांगायचं तर आहे. दुसऱ्या कारखान्यांत बोर्डच नव्हते. नाही म्हटलं असतं तर मॅनेजरनं दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं, आणि तेही ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. बोर्ड कोण वाचतं, असं मला वाटलं होतं. ही तिन्ही वाक्यं मी सव्वीस वर्षं वापरते आहे. कागदावर उतरवल्यावर ती इतकी लहान दिसतील असं वाटलं नव्हतं.

वाचणारा आपल्याच घरचा होता.

वही माझ्या ट्रंकेत आहे. उद्या वकीलबाईंकडे देणार आहे.

ताई


२९ ऑगस्ट

ठकू,

साक्ष झाली. अंग असं दुखतंय जणू मी टोपल्या उचलत होते.

आधीच्या आठवड्यात कंपनीच्या वकिलाच्या कचेरीतून फोन आला होता. फार गोड आवाज. वही त्यांनी पाहिली होती. तुमचं वय, इतकी जुनी गोष्ट, एखादा शब्द चुकीचा पडणं स्वाभाविक आहे, असं म्हटलंत तर तुम्हालाही त्रास नाही. मी म्हटलं, विचार करते. आणि खरंच केला, ठकू. तीन दिवस केला. 'चूक' म्हटलं असतं तर मी एक थकलेली म्हातारी ठरले असते, आणि तुझ्यासमोर कधी यायची वेळ आलीच, तर चुकलेल्या माणसाला घरात घेतात. 'मुद्दाम' म्हटल्यावर कुठल्या तोंडानं येणार?

कोर्टाची खोली आपल्या शाळेच्या हॉलसारखीच, पंखा हलतो आणि वारा नाही. मागच्या बाकांवर तेवीस घरांपैकी सतरा घरं बसली होती. पॅकिंगवाली डायलिसिसचा वार बदलून आली होती.

कंपनीचे वकील माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, केस नीट विंचरलेले. सुरुवातच, "हे बघा मावशी." मी म्हटलं, "मी तुमची मावशी नाही. मला बहीण एकच आहे आणि तिला मुलगा नाही." मागे लोक हसले. न्यायाधीशबाईंनीही मान खाली घातली. 'बहीण' हा शब्द मात्र मी नऊ वर्षांत मोठ्यानं उच्चारला नव्हता.

मग त्यांनी वही माझ्यासमोर धरली. किती वर्षं नोकरी, रोज किती कागद, चष्म्याचा नंबर काय, सगळं विचारून झालं. माणूस आहे, चुकतो, असं म्हणून ते थांबले. माझ्यासाठी दार उघडून धरावं तसे थांबले.

मी म्हटलं, "चूक असती, तर बरोबर शब्द आधी लिहिलेला नसता. तो बघा, खोडलेला आहे, पण वाचता येतो."

"मग याला आपण काय म्हणाल?"

"मुद्दाम."

स्टेनोनं मान वर केली, तिला नीट ऐकू आलं नव्हतं. मी तिला अक्षर अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. चौतीस वर्षं तिच्याच जागेवर बसले आहे, मला माहीत आहे, शेवटचं अक्षर राहून जातं.

खाली उतरताना पॅकिंगवालीजवळून गेले. तिनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे मला बसायला जागा. मी बसले. ती जागा मला का मिळाली, हे अजून कळलेलं नाही.

ताई


१२ सप्टेंबर

ठकू,

निर्णय आला. दावा मुदतीत आहे, पुढे चालेल. धोका मुद्दाम झाकला होता, म्हणून घड्याळ डॉक्टरीणबाईच्या अहवालापासूनच. पुढे म्हणजे तज्ज्ञ, उलटतपासण्या आणि कार्यकारणभाव नावाचा एक शब्द, ज्याचा अर्थ असा, की वाफ आणि मूत्रपिंड यांची ओळख होती हे आता सिद्ध करायचं. चार वर्षं तरी जातील, असं वकीलबाई म्हणते. तेवीसपैकी किती जणांकडे चार वर्षं आहेत, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग तिनं टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. अकरा नंबर. शिक्का दहा जूनचा.

म्हणजे मी पहिलं पत्र टाकलं आणि सहा दिवसांत तुझं उत्तर निघालं होतं. फक्त माझ्याकडे नाही. मी वकीलबाईवर भडकले. तीन महिने खणात ठेवायला हे काय लोणचं आहे, असं काहीतरी बोलले. ती शांत होती. म्हणाली, "मी हे आधी दाखवलं असतं, तर तुम्ही बहिणीच्या धाकानं बोललात असं ते म्हणाले असते. तुम्ही आपणहून यायला हवं होतं. आला नसतात, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही." आणि पाकीट माझ्या हातात दिलं. इंग्रजीत करून द्यायचं आहे, कोर्टासाठी.

आज सकाळपासून तेच घेऊन बसले आहे. तुझं अक्षर अजून तसंच, उजवीकडे चढणारं.

पहिलं उत्तर: धुलाई खातं, एकोणीस वर्षं.

दुसरं तू असं लिहिलं आहेस: 'धोका आहे असं कोणी सांगितलं नाही. सुरक्षित आहे असं सांगितलं होतं. बोर्डावर लिहिलं होतं. बोर्ड माझ्या थोरल्या बहिणीनं लिहिला होता. आमचे हे म्हणायचे, दुसऱ्या कोणी लिहिला असता तर मी मीटरवर भरवसा ठेवला नसता, पण ताईंचा शब्द कधी चुकत नाही.'

तर हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. नऊ वर्षं.

'सुरक्षित'पाशी माझी बोटं टाइपरायटरवर थांबली. ह्याच शब्दाचं आता उलट भाषांतर करायचं होतं. एकच शब्द आहे, इंग्रजीत चार अक्षरी, पहिलीतल्या मुलाला येतो. 'सेफ'. वहीत लिहिला, तारीख घातली, टाइप केला. खोडायला काही नव्हतं.

तिसरा प्रश्न, आणखी काही सांगायचं आहे का. त्याखाली तू लिहिलं आहेस: 'ते गेले त्या दिवशी मी ताईला एक प्रश्न विचारला होता. उत्तर आलं तर मला कळवावं.'

आठवतो. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये, औषधांच्या ट्रॉलीपाशी. वाफेचं तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, तुला नुसता संशय होता. तू विचारलंस, "ताई, तुला माहीत होतं का?" आणि मी म्हटलं, "मी फक्त टाइप करते." आयुष्यात पहिल्यांदाच मी भाषांतरकार हा शब्द आपणहून गाळला. तू माझ्याकडे पाहिलंस, ट्रॉली बाजूला सारलीस आणि निघून गेलीस.

कोर्टात मला बोर्डाबद्दल विचारलं, मी सगळं खरं सांगितलं. पण पत्रक पाठपोट होतं हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. जुलैच्या पत्रात तुला लिहिलं, पुढची बाजू भाषांतर करायला सांगितली होती. मागच्या बाजूबद्दल पुढे एक अक्षर लिहिलं नाही. मॅनेजर म्हणाला होता, मागच्या बाजूची गरज नाही. भाषांतराची नव्हती. वाचायला मला कोणी मनाई केली नव्हती, आणि हातात आलेला कागद दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय मी कधी खाली ठेवलेला नाही. मागे बारीक टाइपात अवयवांची यादी होती. यकृत. मूत्रपिंडं. दीर्घकाळ संपर्क आल्यास.

दुपारी वकीलबाईंना फोन केला. सोमवारी दुसरं प्रतिज्ञापत्र देते आहे, मागच्या बाजूचं. ती म्हणाली, बाई, याचा तुम्हाला त्रास होईल. मी म्हटलं, होऊ दे.

तुझं भाषांतर पूर्ण करून सही केली आहे. फक्त तिसऱ्या उत्तरातली शेवटची ओळ कोर्टाच्या कामाची नाही, ती माझ्या नावावर आहे. तिचं उत्तर इथे लिहिते.

हो, ठकू. माहीत होतं.

ताई